लाईट बिल सोसायटीच्या सभेत ठरतं

मे महिन्याचं लाईट बिल आलं की ठाण्यात आणि नवी मुंबईत घरोघरी एकच खटला उभा राहतो. आरोपी ठरलेले. रात्रभर एसी लावून झोपणारा मुलगा, गिझरचं बटण विसरणारी सून, बातम्या लावून डुलकी काढणारे आजोबा. साक्षीपुरावे होतात, रिमोट जप्त होतो, चार दिवस सगळे शहाण्यासारखे वागतात आणि पुढचं बिल पुन्हा तेवढंच येतं.

माझं म्हणणं इतकंच की हा खटला चुकीच्या कोर्टात चालतो. बटणं बंद करण्याला माझा विरोध नाही, करावीतच. पण आपल्या बिलाचा जो भाग खुपतो तो बटणांवर ठरत नाही. तो दरपत्रकाच्या पायऱ्यांवर, इमारतीच्या नकाशात आणि सोसायटीच्या त्या वार्षिक सभेत ठरतो, जी कोरमअभावी अर्धा तास तहकूब होऊन मग त्याच बाराजणांत पार पडते.

आधी बिल वाचू. ते वाचावंसं वाटेल असं छापलेलं नाही, हे मान्य. ठाणे, मुलुंड, भांडुप, वाशी, पनवेल हा पट्टा महावितरणच्या भांडुप परिमंडलात येतो. कळवा, मुंब्रा, शीळ या भागात २०२० पासून टोरंट पॉवर ही फ्रँचायझी आहे, पण दर तिथेही महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच. घरगुती ग्राहकाला चार पायऱ्या आहेत: शंभर युनिटांपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. हिशोबासाठी मी २०२४-२५ चं दरपत्रक घेतो. जुलै २०२५ पासून आकडे बदलले, पायऱ्या त्याच राहिल्या. त्या वर्षी ऊर्जा आकार पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे होता, पुढच्या दोनशेंना १० रुपये २९ पैसे, तीनशेच्या वर १४ रुपये ५५ पैसे आणि पाचशेच्या वर १६ रुपये ६४ पैसे. त्यावर प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, म्हणजे वीज तारांतून पोचवण्याचे पैसे, महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार आणि या सगळ्याच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, तो इथे सोडून देतो.

शुल्कासकट पाहिलं तर पहिल्या पायरीवरचं युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडतं, दुसरीवरचं १३ रुपये २९ पैशांना, तिसरीवरचं १८ रुपये २४ पैशांना. चौथ्या पायरीवर हाच दर २० रुपये ६६ पैसे होतो. एकाच तारेतून येणारी तीच वीज, पण वरची पायरी खालचीच्या तिप्पट महाग. तीनशे ओलांडले की सगळीच युनिटं महाग लागतात, असा एक समज चाळीपासून टॉवरपर्यंत पक्का बसला आहे. तसं नाही. महाग लागतात ती वरची युनिटं. म्हणूनच वाचवायचं ते वरूनच वाचवावं लागतं. आणि वर काय असतं? एसी.

एखाद्या टू बीएचकेचं उदाहरण घेऊ. जानेवारीत १८० युनिटं जळतात, बिल १,९०० रुपयांच्या आत येतं. एप्रिल-मे मध्ये एका बेडरूममध्ये रात्री आठ तास एसी लागला, तासाला सरासरी ०.६ युनिट धरलं, तर महिन्याला १४४ युनिटं वाढतात. एकूण ३२४ युनिटं, बिल ३,९२७ रुपये. आता दुसऱ्या बेडरूममध्येही तसाच एसी तेवढेच तास लावा. युनिटं ४६८, बिल साडेसहा हजारांच्या वर. पहिल्या एसीने महिन्याला दोन हजार रुपये वाढवले, दुसऱ्याने दोन हजार सहाशे. यंत्र तेच, तास तेवढेच. आजीच्या खोलीतला एसी आधी लागला की मुलाच्या, हे मीटरला कळत नाही हे खरं, पण घरातल्या खटल्यात नंतर आलेल्यालाच शिक्षा होते.

एसीला चैन म्हणणारी पिढी अजून घरात आहे आणि तिचा मान राखून सांगायचं तर आता ते पटत नाही. नागपूर-अकोल्याला कूलर चालतो, कारण तिथली उन्हाळी हवा कोरडी. आपल्याकडे खाडी. हवेत आधीच पाणी भरलेलं, घाम वाळतच नाही, त्यात कूलर लावला की खोलीला बुरशीचा वास. पंखा आणि एसी यांच्या मधली पायरीच इथे नाही. पंखा पुरेनासा झाला की थेट एसी.

म्हणून पंख्याकडे मात्र नीट बघायला हवं. घरात करण्यासारखं जे आहे त्यात मला हे सर्वांत पहिलं वाटतं. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. हॉलचा पंखा चौदा तास, दोन बेडरूमचे दहा-दहा तास धरले तर महिन्याला ४६ युनिटं वाचतात. दुसऱ्या पायरीवर ते सहाशे रुपये झाले. तीन पंखे नऊ हजारांच्या घरात येतात, म्हणजे दीड वर्षाच्या आत पैसे वसूल. पंखा जळेपर्यंत थांबू नये, वायरमनला बोलावून चांगला चालणारा पंखाही उतरवावा असा सल्ला मी देतो आणि लोक माझ्याकडे संशयाने बघतात. चालणारी वस्तू उतरवणं आपल्या रक्तात नाही.

गिझरचं उगाच नाव बदनाम आहे. आपल्याकडे नळाचं पाणीच कोमट असतं. वीस लिटरची बादली पंधरा अंशांनी तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे महिन्याला बेचाळीस युनिटं. शॉवरखाली गाणी म्हटली तर हा आकडा सहज दुप्पट होतो, एवढं खरं. महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर गॅस गिझरवर तेच पाणी निम्म्याच्या आसपास खर्चात तापतं, पण तो बंद बाथरूममध्ये बसवू नये. कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात. उघड्या ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत जागा असेल तरच. सेट टॉप बॉक्स, राउटर, चार्जर यांचे वॅट मोजत बसायला मला उत्साह नाही. रात्री त्यांचं मेन बटण बंद करा, विषय संपला.

आता मूळ मुद्दा. रात्री दहा वाजता बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून पाहा. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, बाहेर खाडीवरचा वारा सुटलेला असतो आणि भिंत अजून ऊबदार लागते. दुपारभर बाहेरून घेतलेली उष्णता ती आता आत सोडत असते. एसी सुरू केल्यावर पहिला तासभर तो तुमच्यासाठी चालतच नाही, भिंतीसाठी चालतो. जुन्या इमारतीत ही भिंत विटांची होती. घोडबंदर रोडवरच्या आणि खारघर-पनवेलच्या नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी ती मायवान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सलग काँक्रीटची असते. बांधकाम झटपट होतं, प्लास्टर वाचतं, मजले महिन्याला दोन-तीन चढतात. पण काँक्रीट हलक्या वजनाच्या ब्लॉकपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता आत येऊ देतं. बिल्डरची बचत एकदाच होते. त्याची किंमत पुढे चाळीस वर्षं लाईट बिलातून रहिवासी फेडत राहतात.

आणि यातली गंमत बघा. घोडबंदरला येऊरचा डोंगर पश्चिमेला आहे. नवी मुंबईत पाम बीच रोडला खाडी पश्चिमेला आहे. म्हणजे 'हिल व्ह्यू' आणि 'क्रीक व्ह्यू' म्हणून ज्या फ्लॅटसाठी स्क्वेअर फुटामागे जास्त पैसे मोजले जातात, तेच फ्लॅट दुपारी तीन ते सहा थेट उन्हात असतात. त्यांना खिडक्याही जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या, कारण व्ह्यू विकायचा असतो. वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत किंवा वाशीच्या सिडकोच्या जुन्या सेक्टरांत प्रत्येक खिडकीवर काँक्रीटचा छज्जा असायचा. दिसायला बेढब, पण दुपारचं ऊन खिडकीच्या अर्ध्यावर अडायचं. आता या वसाहती रिडेव्हलपमेंटला जातायत आणि नव्या नकाशात छज्जा शोधून सापडत नाही.

सरकारला हे कळत नाही असं नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता काढली. छत सोडून बाकीच्या आवरणातून, म्हणजे भिंती आणि काचांमधून, दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये अशी मर्यादा त्यात आपल्यासारख्या उष्ण हवामानासाठी घातली आहे. कोणत्याही सेल्स ऑफिसात जाऊन हा आकडा विचारून बघा. क्लबहाउसमध्ये किती ट्रेडमिल आहेत ते तोंडपाठ सांगतील. याउलट रिमोटवर मात्र सरकारचं बारीक लक्ष. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीला सुरू होताना २४ अंशांचं सेटिंग बंधनकारक झालं. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मध्येच ठेवता येईल अशी मर्यादा आणण्याचं सूतोवाच केलं. तापमान एक अंशाने वाढवलं की सहा टक्के वीज वाचते असं ब्युरो सांगतो. ते चांगलंच आहे, मीही २६ वर लावून पंखा सुरू ठेवतो. पण रहिवाशाच्या बोटावर नियम आणि बिल्डरच्या काचेवर सूचना, ही विभागणी मला लबाडीची वाटते. महापालिकेने बांधकाम परवानगी देताना पश्चिमेच्या काचेला छज्जा मागितला तर आकाश कोसळणार नाही.

बांधून झालेल्या इमारतीचं काय? काचेतून आत आलेलं ऊन पडद्यावर पडलं तरी उष्णता खोलीतच राहते. ती बाहेरच अडवावी लागते: बांबूची चीक, जाड कापडाचा गुंडाळता येणारा पडदा, बाल्कनीला जाळी. आणि इथे सोसायटीचा सर्क्युलर येतो, 'इमारतीच्या एलिव्हेशनला बाधा येईल असे काहीही बाहेरून लावण्यास सक्त मनाई आहे.' रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला इमारत सुंदर दिसावी म्हणून आतल्या साठ कुटुंबांनी महिन्याला हजार-पाचशे रुपये जास्त भरायचे, असा हा ठराव आहे. कमिटीची एक हरकत मात्र खरी आहे. घोडबंदरला पावसाळ्यात असा वारा सुटतो की विसाव्या मजल्यावरून काय सुटून कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. मग एकच रंग, एकच डिझाइन, एकच कंत्राटदार, जूनमध्ये उतरवायचे आणि ऑक्टोबरमध्ये लावायचे असा ठराव करा. इमारतीला रंग कोणता द्यायचा यावर आपण तीन सभा घालवतो, यावर अर्धी घालवायला हरकत नसावी.

टॉप फ्लोअरवाल्यांचं दुःख वेगळंच. त्यांना भिंत आणि छत दोन्ही बाजूंनी मार. त्यांनी गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग मागितला की खालच्या मजल्यावरचे म्हणतात, ज्याचं घर तापतं त्याने करावं. गळती झाली की वॉटरप्रूफिंग मात्र सोसायटीच्या पैशाने होतं, कारण गच्ची सर्वांची. जी गच्ची पावसाळ्यात सर्वांची, ती उन्हाळ्यात फक्त वरच्यांची कशी होते, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. पूर्वी गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक करायचे, त्याने दोन्ही कामं होत. पुढच्या वेळी वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मागवाल तेव्हा वरचा थर पांढरा मागा, जादा खर्च नाममात्र असतो.

सगळ्यांत दुर्लक्षित बिल मात्र कोणाच्याच घरी येत नाही. ते सोसायटीच्या ऑफिसात येतं आणि मेंटेनन्समध्ये विरघळतं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा मीटर घरगुती वर्गातच मोडतो, पण मीटर एकच असल्याने त्याची पहिली पाचशे युनिटं काही दिवसांत संपतात आणि उरलेला महिना सगळी वीज चौथ्या पायरीवर, म्हणजे वर मांडलेल्या हिशोबाने वीस रुपये युनिटाच्या वर. आपण घरात सात आणि तेरा रुपयांच्या युनिटांवरून भांडतो आणि वीस रुपयांच्या युनिटांकडे कोणी ढुंकून बघत नाही. साडेसात एचपीचा पंप रोज पाच तास चालला तर महिन्याला आठशे चाळीस युनिटं, सतरा हजार रुपये. वॉचमनला डुलकी लागते आणि वरची टाकी ओसंडून गच्चीवरून धबधबा वाहतो. ते नुसतं पाणी नसतं, वीस रुपयांच्या युनिटाने वर चढवलेलं पाणी असतं. टाकीला आपोआप बंद होणारं साधं सेन्सर बसवायला काही हजार लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या कोणाच्या फ्लशची गळती हा त्याचा खासगी प्रश्न नाही, कारण ते पाणीही पंपानेच वर गेलेलं असतं.

सौर ऊर्जेचं गणित म्हणूनच घरापेक्षा सोसायटीत आधी जमतं. जिथे वीज सर्वांत महाग, तिथे पॅनेल सर्वांत लवकर फिटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एकट्या घराला तीन किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार रुपये मिळतात. ते बंगल्यांना, रो हाउसना ठीक. फ्लॅटवाल्याला गच्चीच नाही. पण त्याच योजनेत गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार आहेत, हे किती सेक्रेटरींना ठाऊक आहे? एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला शंभर-एकशेवीस युनिटं मिळतात. वीस किलोवॅटचा प्लांट म्हणजे दोन हजारांच्या वर युनिटं. अनुदान वजा करून आठ-दहा लाख घालावे लागले तरी चौथ्या पायरीच्या दराने दोन-तीन वर्षांत पैसे निघतात. नेट मीटरिंगचे, म्हणजे उरलेली सौर वीज कंपनीला देऊन बिलातून वळती करण्याचे नियम बदलत असतात, म्हणून एजन्सीने दिलेलं रंगीत सादरीकरण बाजूला ठेवून बारा महिन्यांची बिलं घेऊन स्वतः एकदा गणित करावं.

हरकती मला माहीत आहेत. शेजारी चाळीस मजली टॉवर आल्यावर आपल्या गच्चीवर सावली पडते, हे खरं. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, हेही खरं, पण पत्र्यावरही पॅनेल बसतात, शेडची ताकद आधी तपासून घेतली की झालं. 'पाच वर्षांत रिडेव्हलपमेंटला जायचंय, मग कशाला' हे वाक्य नौपाड्यापासून नेरूळपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. बहुतेक ठिकाणी ते दहा वर्षांपूर्वीही म्हटलं जात होतं. पॅनेल काढून नव्या इमारतीवर लावता येतात. शिवाय बिल्डरशी वाटाघाटी करताना 'आम्हाला सौर प्लांट आहे' हा मुद्दाही हाताशी राहतो.

सौर पाणीतापकांचा अनुभव मात्र या उत्साहाला लगाम घालणारा आहे. नव्या इमारतींना ते बसवणं नियमावलीने भाग असतं, म्हणून ते बसतात. ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला मिळतो. दोन वर्षांनी काचेच्या नळ्या फुटलेल्या, टाकीत क्षार साठलेला, आणि फ्लॅटमध्ये प्रत्येकाचा इलेक्ट्रिक गिझर. देखभालीचा करार नसेल तर पॅनेलही धुळीने माखून निम्मी वीज देतील. कबुतरं आहेतच.

वापर वेळेसकट नोंदवणाऱ्या स्मार्ट मीटरवरून बरीच आरडाओरड झाली. जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. त्यानंतर बसू लागले ते पोस्टपेड स्मार्ट मीटर. जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटाला ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळू लागली, कारण दिवसा सौर वीज मुबलक असते. कल्पना योग्य आहे. पण ठाण्याहून सकाळची लोकल पकडून रात्री आठला परतणाऱ्या जोडप्याने नऊ ते पाचमध्ये काय वापरायचं? मशीनला टायमर लावून कपडे धुतले, इस्त्री शनिवारी केली, तरी महिन्याला चाळीस युनिटं सरकतील. फार तर चाळीस रुपये वाचले. आणि घरी असणाऱ्या बाईने मात्र आता घड्याळ बघून घरघंटी लावायची, असा आणखी एक नियम तिच्या दिवसाला चिकटतो. हेच सोसायटीच्या पंपाला लागू करून पाहा. महापालिकेचं पाणी पहाटे खालच्या टाकीत आलं तरी ते वर चढवायची घाई नसते, वरची टाकी पुरेशी मोठी असेल तर पंप अकरा वाजता लावला तरी चालतो. आठशे युनिटं एका फटक्यात स्वस्त वेळेत जातात आणि कोणाच्याच घरात भांडण होत नाही. त्यासाठी फक्त वॉचमनच्या वहीत वेळ बदलावी लागते.

इथपर्यंत मी सोसायटीवाल्यांचंच बोललो. पण या शहरांतला मोठा वर्ग सोसायटीत राहत नाही. दिघा, तुर्भे, कळव्याच्या चाळींत आणि नवी मुंबईच्या गावठाणांत, घणसोली-कोपरखैरणेच्या चार-पाच मजली इमारतींत भाड्याने राहणाऱ्याचं बिल महावितरण ठरवत नाही, मालक ठरवतो. मीटर मालकाच्या नावावर एक, खाली आठ खोल्या, प्रत्येक खोलीला सबमीटर, आणि दर सरसकट, दहा-बारा रुपये युनिट. मालकाचीही बाजू आहे. आठ खोल्यांची युनिटं एका मीटरवर चढल्यावर त्याला वरच्या पायऱ्यांनी बिल येतं, पदरचे घालून तो भाडेकरूंना वीज का देईल? पण परिणाम असा की दहा बाय बाराच्या खोलीत एक पंखा, एक ट्यूब, एक छोटा फ्रिज वापरणारं कुटुंब महिन्याला साठ-सत्तर युनिटं जाळतं आणि ज्या पहिल्या स्वस्त पायरीवर त्याचा सगळ्यांत आधी हक्क, ती त्याला कधी दिसतच नाही. पाम बीचच्या थ्री बीएचकेला मात्र पहिली शंभर युनिटं स्वस्तात मिळतात. गरिबांसाठी केलेली पायरी गरिबाच्या दारापर्यंत पोचत नाही, याला माझ्या लेखी या सगळ्या विषयात सर्वांत जास्त महत्त्व आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने मागितली तर वीज द्यावी असं म्हटलं आहे. 'राहणाऱ्याने' हा शब्द कायद्यात आहे, काउंटरवर मात्र मालकाचं नाहरकतपत्र मागतात. ते द्यायला मालक तयार नसतो, कारण स्वतंत्र मीटर म्हणजे भाडेकरूच्या राहण्याचा पुरावा. भाडेकरार असेल त्याला मालकाच्या सहीशिवाय मीटर, आणि या मीटरचं बिल मालकी हक्काचा पुरावा मानला जाणार नाही असं त्यावर ठळक छापलेलं, एवढं केलं तर अर्धा पेच सुटेल.

दुसरी मागणी पायऱ्यांबद्दल. शंभर युनिटांची पहिली मर्यादा गरजेपुरती वीज म्हणून ठेवली आहे. फ्रिज, तीन पंखे, दिवे, टीव्ही एवढ्यातच ती संपते. उन्हाळ्यात शहराच्या खोल्या रात्री तापलेल्या राहतात, तेव्हा गरजेची व्याख्या मार्च ते जूनपुरती तरी बदलायला हवी. या चार महिन्यांत पहिली पायरी दीडशेवर आणि दुसरी चारशेवर न्यावी. यावर पैसे कुठून येणार हा प्रश्न आयोग विचारेल आणि तो रास्त आहे. घरगुती दर उतरले की वाशी-तुर्भ्याच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या किंवा वागळे इस्टेटच्या कारखान्याचा दर चढतो, आणि त्या कारखान्यात आपल्यातलेच लोक कामाला जातात. म्हणून मी सवलत वरून भरून काढा म्हणतो: पाचशेच्या पुढे एक आठशेची पायरी करा आणि तिथला दर चढवा. सोसायटीचा सामायिक मीटर मात्र त्यातून वगळा किंवा त्याची युनिटं फ्लॅटच्या संख्येने भागून पायरी लावा. साठ घरांची लिफ्ट एका श्रीमंत ग्राहकासारखी मोजण्यात काही अर्थ नाही.

दरवाढीच्या प्रत्येक प्रस्तावावर आयोगाला लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. तशी जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते, बारीक टायपात, टेंडरच्या जाहिरातींशेजारी. उद्योगांच्या संघटना तिथे वकील आणि तक्ते घेऊन हजर असतात. रिडेव्हलपमेंटच्या परिपत्रकांवर रान उठवणारे सोसायट्यांचे महासंघ ठाण्यातही आहेत, नवी मुंबईतही. सामायिक मीटरची बारा महिन्यांची बिलं शंभर सोसायट्यांकडून गोळा करून एक तक्ता आयोगापुढे ठेवणं त्यांना अवघड नाही. सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्याच लागतात आणि नोटीस चौदा दिवस आधी निघते. त्या नोटिशीत 'सामायिक वीजबिल' हा विषय हवा असेल तर तो ऑगस्टमध्येच सेक्रेटरीला लेखी द्यावा लागेल. ऐनवेळच्या विषयांत टाकला की तो समोशाच्या प्लेटांबरोबर उचलला जातो.